फळ्यांआडून आलेली हजेरी

आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कोणी मला शिकवायला येऊ नये. माझा भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही. तेव्हा नव्हता, आणि आज पंचाहत्तरी उलटली तरी नाही. या सदरातले अनुभव माझी नात मला मोठ्यानं वाचून दाखवते... पांढरी साडी, उलटे पाय, घाटात लिफ्ट मागणारी बाई... आणि मी दर वेळी म्हणते, "या लेखकाला पाच मिनिटं माझ्यासमोर उलटतपासणीला उभा कर, त्याची बाई घाटातून पायी घरी जाते की नाही बघ." चाळीस वर्षं वकिली केली आहे मी. खोटं बोलणारा साक्षीदार मला त्याच्या खाकरण्यावरून कळतो.

तर परवा नात म्हणाली, "आजी, मंग तुझ्या कॉलेजातलं काय?" आणि मी गप्प बसले. मला गप्प बसायला मुळीच आवडत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या घरात भूत हा विषयच बंद होता. बाबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची होते. त्या वर्षी घरातले देव गेले, अंगारे गेले, माझ्या दंडातला ताईत गेला. बाबा धामणगाव बढ्याला शाळामास्तर होते. अंधारात कोणी भ्यायलं की विचारायचे, "काय पाह्यलं? नाई पाह्यलं ना? मंग नाई." विषय संपला. मी या शाळेत वाढलेली मुलगी आहे, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

गोष्ट खामगावची. महाराष्ट्र राज्य होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. बी. ए. झाले आणि मी लॉ कॉलेजात नाव घातलं. कॉलेजचं नाव सांगत नाही. तेव्हाचे बरेच लोक आता नाहीत, त्यांना उत्तर द्यायला येता येणार नाही. पूर्ण कॉलेजात मी एकटी मुलगी. माझ्या आधीही तिथे मुलगी नव्हती. हे दुसरं वाक्यही लक्षात ठेवा, त्याचं काम पडणार आहे.

कॉलेज एका कापूस व्यापाऱ्याच्या जुन्या दुमजली इमारतीत भरायचं. खालचा मजला पूर्वी कापसाच्या गाठी ठेवायची वखार. फरशीच्या फटीत, खिडकीच्या जाळीत अजून कापूस अडकलेला असायचा. आज झाडा, उद्या पुन्हा आहेच. तिथेच लायब्ररी होती, म्हणजे चार लोखंडी कपाटं आणि एक लांब टेबल. त्या टेबलाशी फक्त मुलांनी बसायचं. मला पुस्तक हवं असेल तर चिठ्ठी लिहून शिपाई सुखदेवभाऊंकडे द्यायची आणि ते पुस्तक लेडीज रूममध्ये आणून देणार. लेडीज रूम म्हणजे जिन्याखालची खोली, जिथे पूर्वी वजनकाटे ठेवत. एक खुर्ची, एक टेबल, एक माठ. मुलांना कॉमन रूम होती, तिथे कॅरम होता, दोन वर्तमानपत्रं येत. मला माठ होता.

वरच्या मजल्यावर मोठा हॉल. सकाळी सात ते दहा तिथे वर्ग भरायचे, कारण आमचे सगळे प्रोफेसर वकील होते आणि अकराला त्यांना कोर्टात उभं राहायचं असे. शनिवारी त्याच हॉलमध्ये मूट कोर्ट... म्हणजे विद्यार्थ्यांनी सरावासाठी खोटा खटला चालवायचा. त्यासाठी जुन्या कचेरीतून टाकून दिलेला साक्षीदाराचा पिंजरा आणून ठेवला होता. त्याचा एक पाय आखूड होता, साक्षीदार हलला की तोही हलायचा.

आणि हॉलच्या पुढच्या कोपऱ्यात, प्रोफेसरांच्या चौथऱ्याला लागून, माझं बाक. त्याच्या भोवती माणसाच्या उंचीच्या फळ्या ठोकलेल्या. मुलांना मी दिसू नये, मला मुलं दिसू नयेत. मला फक्त प्रोफेसरांच्या टेबलाची कड आणि अर्धा बोर्ड दिसायचा. प्राचार्य म्हणायचे, ही तुमची सोय आहे. ही सोय मी मुलगी म्हणून होती की आणखी कशासाठी, ते मला कोणी सांगितलं नाही, आणि तेव्हा मीही विचारलं नाही.

मुलीनं एकटीनं वर्गात जायचं नाही, असाही नियम होता. पहिला तास पुराव्याच्या कायद्याचा, बापट सरांचा. ते लेडीज रूमच्या दारावर टकटक करायचे आणि जिना चढायला लागायचे. मी चार पावलं मागून जायची. वर माझ्यासाठी वेगळं दार होतं, ते फळ्यांच्या आतच उघडायचं; सर मोठ्या दारानं जायचे. सर चौथऱ्यावर, मी बाकावर. मग दिवसाची हजेरी व्हायची, एकदाच. माझा नंबर शेवटचा, एकेचाळीस. "फोर्टी वन?" सर विचारायचे. मी "प्रेझेंट, सर" म्हणायची, पण ते इतकं हळू, की सर पुन्हा विचारायचे, "मिस इंगळे, आहात का?" की फळ्यांच्या पलीकडे हशा. रोज! दीड वर्ष रोज हे चालू होतं, आणि मी रोज ठरवायची की उद्या मोठ्यानं बोलेन. उद्या आला की पुन्हा तशीच पुटपुटायची. आता माझा आवाज ऐकलेल्या कोणाला हे खरं वाटणार नाही.

बाबांशी माझा करार होता. मलकापूरचे पाहुणे मला बघायला दोनदा घरी येऊन गेले होते. बाबा म्हणाले होते, "शिक. मी आडवा येत नाई. पण एक वर्ष जरी फुकट गेलं ना कमल, तं मंग मी पाव्हण्यायले हाव म्हणन." बाबांनी शब्द दिला की तो पाळायचेच, चांगला असो की वाईट. हजेरी कमी पडली की टर्म जायची, आणि माझ्या दृष्टीनं टर्म गेली म्हणजे वकिली गेली, इतका सरळ हिशेब होता.

आणि दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात मायच्या पोटाचं ऑपरेशन निघालं. निरोप आला तसा मी खामगावच्या आत्याच्या घरून पिशवी उचलली आणि एसटीनं बुलढाण्याला सरकारी दवाखान्यात गेले. अर्ज नाही, काही नाही. तिथे मायच्या खाटेखाली चटई टाकून राहिले. कॉलेजचे एकोणीस दिवस बुडाले. माय घरी गेली आणि मी डॉक्टरांचं सर्टिफिकेट घेऊन खामगावला परतले. प्राचार्यांना आजारपणाच्या कारणावरून हजेरी माफ करता यायची, तेवढाच आधार होता.

आमचे प्राचार्य रिटायर्ड जज्ज होते. त्यांनी अर्ज वाचला, मस्टर मागवलं, बोट फिरवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मिस इंगळे, रजा कसली मागता? तुम्ही एकही दिवस गैरहजर नाही."

"सर, मी बुलढाण्याला होते."

"बापटांच्या हातचे एकोणीस दिवस प्रेझेंट आहेत इथे."

मस्टर त्यांनी माझ्याकडे फिरवलं. सरांची बारीक निळी अक्षरं, एकेचाळीस नंबरासमोर रोजच्या रोज.

इथे मी "थँक्यू सर" म्हणून निघून आले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. आत्या त्या रात्री कपाळावर हात मारून म्हणाली, "येडी झाली का वं? आयती हजेरी भेटली तं घेतली काऊन नाई?" खरं सांगू? मला ते सुचलंच नाही. माझ्या जागेवरून, माझ्या नावाला, मला न विचारता कोणीतरी उत्तर देत होतं... माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, "सर, ही माझी हजेरी नाही."

"मग ही प्रॉक्सी आहे," प्राचार्य म्हणाले. त्यांचा आवाज बदलला. "खामगावात दुसरी मुलगी कायदा शिकत नाही. म्हणजे कोणीतरी मुलगा बायकी आवाज काढत होता, तुमच्या सांगण्यावरून. शेख रहीम तुम्हाला नोट्स पाठवतो ना?"

पाठवायचा. रहीम कापसाची सरकी काढणाऱ्या एका जिनातल्या फिटरचा मुलगा. अक्षर मोत्यासारखं, आणि वर्गातल्या चाळीस मुलांत लायब्ररीचं पुस्तक आधी बाईंना जाऊ द्या म्हणणारा एकटाच. त्याच्या वह्या सुखदेवभाऊंच्या हाती माझ्याकडे यायच्या. आम्ही समोरासमोर चार वाक्यंही बोललो नव्हतो.

"त्याचं नाव लिहून द्या," प्राचार्य म्हणाले. "तुमची टर्म मी देतो. नाहीतर प्रॉक्सी केल्याबद्दल तुमचीच टर्म रद्द होईल. आणि तोवर वर्गात बसू नका."

मी खाली उतरले तर फाटकाजवळ रहीम उभा. त्याच्या कानावर आधीच गेलं होतं.

"बाई, माह्यं नाव लिवून द्या," तो म्हणाला. "मले तसंबी अब्बाच्या जागेवर जिनातच लागायचं हाये. तुमी काऊन आपलं वर्ष घालवता?"

"तुम्ही काढला का तो आवाज?"

"अल्ला कसम, नाई."

"मग गप्प बसा. मेहरबानी नका करू माझ्यावर!"

बिचारा चपापून बाजूला झाला. मी इतक्या जोरात बोलले होते की रस्त्यावरचा कापसाच्या गाडीवाला थांबून बघायला लागला.

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांना कागद दिला. त्यावर रहीमचं नाव नव्हतं. लिहिलं होतं... चौकशी उघड व्हावी, सगळ्या वर्गासमोर व्हावी, आणि बापट सरांची उलटतपासणी मला घेऊ द्यावी. प्राचार्य लाल झाले. पण तीस वर्षं न्यायाच्या खुर्चीत बसलेला माणूस होता तो. उलटतपासणी मागितली तर नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती. म्हणाले, "शनिवारी. मूट कोर्टाच्या वेळेला."

शनिवारी सकाळी साडेआठला हॉल भरला. स्वच्छ ऊन होतं, खिडक्या उघड्या, खाली रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग. हे मुद्दाम सांगते. अंधार नव्हता, वारा नव्हता, कुत्री रडत नव्हती. प्राचार्य चौथऱ्यावर बसले. मी पहिल्यांदाच फळ्यांच्या बाहेर, सगळ्या मुलांसमोर उभी होते.

बापट सर स्वतःहून पिंजऱ्यात चढले. "विचारा, मिस इंगळे. रोज मी तुम्हाला विचारतो, आज तुमची पाळी." पिंजरा एका पायावर डुगडुगला आणि मुलं हसली.

"सर, या एकोणीस दिवसांत तुम्ही मला पाहिलंत?"

"नाही. फळ्या आहेत."

"मग हजेरी कशी लावली?"

"तुम्ही उत्तर दिलंत म्हणून. मी ऐकलं."

मागून एक जण ओरडला, "ऐकीव पुरावा, सर!"

सर पिंजऱ्यातूनच कडाडले, "गाढवा, दुसऱ्यानं ऐकलेलं मी सांगितलं तर ऐकीव! मी स्वतः ऐकलं तर तो प्रत्यक्ष पुरावा. साठावं कलम वाच!" चौकशीतही शिकवणं काही सुटलं नाही त्यांचं.

"आवाज मुलाचा असेल, बायकी केलेला?"

"नाही. पंचवीस वर्षं कोर्टात बायकांच्या साक्षी ऐकतो आहे मी. तो बाईचा आवाज होता. तुमचाच. उलट..." सर जरा घुटमळले. "उलट मला बरं वाटलं होतं. या काही दिवसांत तुमचा आवाज सुधारला होता. मला दोनदा विचारावं लागलं नाही. एका हाकेला, खणखणीत."

सगळ्या हॉलनं मान डोलावली. त्या सगळ्यांनी तो ऐकला होता. मला एकदम वाईट वाटलं, आणि का ते कळेना. माझ्या नावानं कोणीतरी माझ्यापेक्षा चांगलं बोलून गेलं होतं.

मी पुढचा प्रश्न विचारला. "सर, रोज तुम्ही लेडीज रूमचं दार वाजवता आणि मी तुमच्या मागून जिना चढते. त्या दिवसांत मागे कोण होतं?"

सर म्हणाले, "चपला वाजत होत्या."

"रोज?"

"रोज."

"मागे वळून पाहिलंत?"

"मी मुलीकडे वळून पाहत नाही, मिस इंगळे," सर म्हणाले. ते अगदी सरळपणे म्हणाले, पण म्हणता म्हणता त्यांचा चेहरा उतरत गेला. एकोणीस दिवस ते कोणाच्या तरी चार पावलं पुढे चालले होते, आणि सभ्यपणामुळे त्यांनी एकदाही मान वळवली नव्हती.

आता हॉलमध्ये कोणी हसत नव्हतं. मी प्राचार्यांकडे वळले. "सर, फळ्या काढा. बाक बघू."

"त्याची काय गरज?"

"घटनास्थळ आहे ते."

सुखदेवभाऊंनी पहार आणली. चार खिळे कर्रकन निघाले, फळ्या भिंतीला टेकल्या. आणि माझं बाक सगळ्यांना दिसलं. त्यावर धूळ होती, आणि धुळीवर कापसाचं तलम अस्तर, बसण्याच्या जागेवर, लिहिण्याच्या फळीवर, सगळीकडे सारखं. बोटभर जागासुद्धा कुठे पुसलेली नव्हती. सुखदेवभाऊ खाली मान घालून म्हणाले, "बाई नव्हत्या म्हून म्या आतून झाडलंच नाई, साहेब." म्हणजे शिपायाला माहीत होतं मी नाही, आणि त्याला विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं!

"इथे कोणी बसलं नाही, सर," मी म्हणाले. "ना शेख रहीम, ना कोणी. लिहून घ्या."

प्राचार्यांनी लिहून घेतलं. पण माणूस हट्टी होता. म्हणाले, कोणी दाराआडून, खिडकीतून आवाज काढला असेल. एकेकानं बायकी आवाजात 'प्रेझेंट सर' म्हणा, बापट ओळखतील. झालं! चाळीस वकील होऊ घातलेली माणसं ओळीनं उभी राहून बारीक आवाज काढायला लागली. कोणी बकरीसारखं बें बें केलं, कोणाला ठसका लागला. एक दाढीवाला असा लाजला की पिंजरा धरून सरसुद्धा हसायला लागले. मीही हसले. रहीमची पाळी आली, तो घाबरून नेहमीपेक्षा घोगरा बोलला. सर प्रत्येकाला मान हलवत होते, "नाही. हा नाही."

शेवटी सर म्हणाले, "असं एकेकट्यानं नाही सांगता येत. हजेरीच्या ओघात ऐकलं तर ओळखेन." आणि त्यांनी मस्टर हातात घेऊन रोजच्यासारखी हजेरी सुरू केली. वन. प्रेझेंट सर. टू. प्रेझेंट सर. मुलं आपापल्या बाकांवर बसली. मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीजवळ उभी राहिले, कोपऱ्यातल्या त्या बाकापासून सगळ्यात लांब. मी ठरवलं होतं, आपण उत्तर द्यायचं नाही. कोणाचे ओठ हलतात ते बघायचं. रहीम माझ्यापासून दोन हातांवर बसला होता.

थर्टी नाइन. फोर्टी.

"फोर्टी वन," सर म्हणाले.

"प्रेझेंट, सर."

कोपऱ्यातून आला तो. रिकाम्या बाकावरून, धूळ जशीच्या तशी. स्वच्छ, न घाबरलेला, शब्द न शब्द वेगळा. कुजबुज नाही, घुमणं नाही. वर्गात बसलेली बाई बोलते तसा.

आपला आवाज बाहेरून कसा वाटतो हे तेव्हा आम्हाला कुठे माहीत? टेपरेकॉर्डर मी पाहिलाही नव्हता. त्यामुळे तो माझा होता की नव्हता, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण चाळीस माना आधी बाकाकडे आणि मग माझ्याकडे वळल्या. रहीम माझ्या तोंडाकडेच पाहत होता. तो हळूच म्हणाला, "बाई नाई बोलल्या. म्या पाह्यलं. तोंड मिटलेलं होतं."

एक मुलगा उठून पळाला. जिन्यात त्याची चप्पल सुटल्याचं ऐकू आलं. सुखदेवभाऊंच्या हातची पहार खाली पडली. प्राचार्यांनी कानामागे हात धरला होता, एका कानानं कमी ऐकू यायचं त्यांना, आणि तो हात तिथेच राहिला.

लोक विचारतात, तेव्हा भीती वाटली का? नाही वाटली. राग आला. असा राग की कानशिलं तापली. दीड वर्ष मी त्या फळ्यांमागे जीव मुठीत धरून पुटपुटत होते, आणि ही जी कोणी होती ती पहिल्या हाकेला बोलून मोकळी! मी सरळ हॉल ओलांडून गेले. मुलं बाजूला झाली. त्या बाकावर जाऊन बसले, धुळीसकट, कापसासकट. बाक थंड नव्हतं, ऊबदार नव्हतं, लाकडाचं बाक होतं. मी आजूबाजूला हात फिरवला. काही नव्हतं.

"सर," मी प्राचार्यांना म्हणाले, "ते एकोणीस दिवस खोडा. ते माझे नाहीत."

"मग कोणाचे आहेत, मिस इंगळे?" प्राचार्यांनी विचारलं. आवाजात जज्ज राहिला नव्हता, म्हातारा माणूस खरंच विचारत होता.

"मला माहीत नाही. पण शेख रहीमचे नाहीत. आणि मी आजारपणाची रजा मागितली आहे, ती द्या."

त्यांनी टाक शाईत बुडवला. मग लाल शाईनं एकेक खोडलं, प्रत्येकासमोर सही केली, रजा मंजूर लिहिली. रहीमचं नाव कुठेच आलं नाही. माझी टर्म वाचली. उठताना ते सुखदेवभाऊंना म्हणाले, "त्या फळ्या सरपणाला द्या." मी तिथे होते तोवर तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

पुढे गावानं हव्या तेवढ्या कथा रचल्या. कोणी म्हणे त्या कॉलेजातली एक मुलगी मेली होती. अहो, माझ्या आधी तिथे मुलगीच नव्हती, मग मेली कोण? कोणी म्हणे व्यापाऱ्याच्या घरची सून. मी जुन्या लोकांना विचारत फिरले. ती वखार होती, तिथे गाठींशिवाय कोणी राहिलंच नव्हतं. कोणी म्हणे सगळ्यांना भास झाला. चाळीस मुलं, एक प्रोफेसर, एक कमी ऐकू येणारा जज्ज, एक शिपाई, सगळ्यांना एकच भास? आणि कोणी म्हणे मीच पोटातून बोलले. त्यांनी रहीमला विचारायला हवं होतं. तो पुढे अकोल्याला चांगला वकील झाला, आणि शेवटपर्यंत आपली साक्ष त्यानं बदलली नाही.

रविवारी मी धामणगावला गेले. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "टर्म भेटली ना?"

"भेटली."

"बस मंग." आणि ते वह्या तपासायला बसले. मलकापूरच्यांना त्यांनी त्या आठवड्यात पत्र लिहिलं, मुलगी शिकते आहे म्हणून.

माय भिंतीला टेकून बसली होती. तिला सांगायला मी जरा कचरत होते, टाके ओले, उगाच धसका घ्यायची. पण तिनंच खोदून विचारलं.

"आवाज कसा व्हता?"

"सगळे म्हणतात माह्याच सारखा. पण खणखणीत."

"मंग तो तुहा नाई. तू तं कॉलेजात मांजरीवानी बोलते म्हणे." आणि पोट धरून हसायला लागली. "ओ माय... टाका दुखून राह्यला... हसवू नको बाई."

"तुले भेव नाई वाटत, माय?"

"कायचं भेव? तू इथं माह्या उशाशी बसली व्हती. तुह्या जागेवर तितं कोणी दुसरं येऊन बसलं असतं म्हंजे? कोणी का असंना, तुही जागा धरून ठेवली तिनं. एसटीत रुमाल टाकतेत तशी." मग हसणं थांबवून म्हणाली, "पण आता तू गेली ना, तं तूच बोल. तिले काऊन बोलू देते?"

पुराव्याचा कायदा मला पाठ आहे, पण या पुराव्याचं काय करायचं ते मला कळलेलं नाही. भूत मी मानत नाही. भास मी मानत नाही. जे ऐकलं ते नाकारत नाही. तिन्ही गोष्टी एकत्र बसत नाहीत, हे मला कळतं, तुम्ही सांगायची गरज नाही.

सोमवारी मी लेडीज रूममध्ये थांबले नाही. एकटी जिना चढले, मुलांच्या दारानं आत गेले आणि पहिल्या ओळीत रिकामी जागा होती तिथे बसले. माझं बाक अजून कोपऱ्यातच होतं, उघडं. बापट सर आले. आज दारातून आत येताना त्यांनी थांबून, पूर्ण वळून, मागे पाहिलं. मग हजेरी सुरू झाली.

"फोर्टी" झालं आणि सर थांबले. सगळा वर्ग थांबला. माझ्याकडे कोणीच पाहत नव्हतं, सगळे त्या कोपऱ्याकडे पाहत होते.

"फोर्टी..." सरांनी सुरुवात केली, आणि पुढचं त्यांच्या तोंडून निघायच्या आतच मी उभी राहून "प्रेझेंट, सर!" म्हणाले, इतक्या मोठ्यानं की खालून सुखदेवभाऊ धावत वर आले, काय झालं ते बघायला. कोपऱ्यातून काही आलं नाही. तिला बोलायची वेळच मी येऊ दिली नाही.